शुगरची गोळी सुरू करू का? आणि घरी शुगर नक्की कधी बघायची?

कृष्णाकाठची | ८ सप्टेंबर, रात्री १०.४२

नमस्कार. मी सांगलीची, वय ४७, पतसंस्थेत नोकरी, म्हणजे दिवसभर बसून काम. २१ ऑगस्टला रिपोर्ट आले. उपाशीपोटी १६८, जेवणानंतर २५१, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.६. रात्री दोन-तीनदा उठणं, सारखी तहान हे वर्षभर चाललं होतं, ते मी वयावर ढकललं होतं. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ५०० लिहून दिली. पहिला आठवडा रात्री जेवताना एक, मग सकाळ-रात्र. ती चिठ्ठी आज अठरा दिवस पर्समध्ये घडी घालून आहे.

कारण सांगते. माझ्या वडिलांना शुगर होती. त्यांना एक गोळी सुरू झाली, मग दोन झाल्या, मग पायाचा अंगठा काढला, मग गुडघ्याखाली पाय. २०१३ साली ते गेले. आमच्या घरात हा क्रम असाच सांगितला जातो, गोळीपासून. आई म्हणते, "एकदा गोळीच्या मागं लागलीस की ती तुला सोडत नाही." मलाही आतून तसंच वाटतं, हे खरं सांगते.

गोळीऐवजी मी मशीन आणलं. दिवसातून सहा-सात वेळा टोचते. कधी १४८, कधी २११. गणपतीत दोन उकडीचे मोदक खाल्ले आणि २६३ बघून देवघरासमोर रडले. एकदा एकाच बोटातून दोन मिनिटांच्या अंतरानं १७४ आणि १९१ आले. पन्नास स्ट्रिपांची डबी नऊ दिवसांत संपली. आता कशावर विश्वास ठेवू कळत नाही.

गोळीशिवाय तीन महिने पथ्य करून बघू का? घरी तपासायचं तर कधी? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

आयर्विनपूल | ८ सप्टेंबर, रात्री १०.५८

ताई, गोळी उद्या रात्रीपासून सुरू करा. बाकीची चर्चा गोळी घेत घेत करू.

सुगरण_७१ | ८ सप्टेंबर, रात्री ११.२०

मला हे पटत नाही. मला सहा वर्षांपूर्वी एचबीए१सी ६.९ निघाली होती. माझ्या डॉक्टरांनीच सांगितलं, तीन महिने बघू. मी रात्रीचा भात बंद केला, चहातली साखर बंद केली, रोज संध्याकाळी आमराईत पाऊण तास चालले. तीन महिन्यांनी ६.१. आजपर्यंत गोळी नाही. प्रत्येकाला लगेच गोळीच कशाला?

स्टेथो | ९ सप्टेंबर, सकाळी ७.०५

मी डॉक्टर आहे, पण ताईंना तपासलेलं नाही, म्हणून हे त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी घेऊ नका.

सुगरणताईंनी केलं ते उत्तमच, आणि त्यांच्या डॉक्टरांचंही बरोबर. पण ६.९ आणि ८.६ ही शेजारची घरं नाहीत. ६.५ पासून मधुमेह धरतात. ६.९ म्हणजे उंबरठा नुकताच ओलांडलेला. ८.६ म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी २०० च्या आसपास, म्हणजे रात्रंदिवस डोळ्यांच्या पडद्याला, किडनीला आणि पायांच्या नसांना त्या साखरेत मुरत ठेवायचं. इथं पथ्य आणि गोळी दोन्ही बरोबर सुरू करतात. 'किंवा' नाही.

मेटफॉर्मिनबद्दल भीती असते म्हणून जरा सविस्तर. आपण झोपलेलो असतानाही यकृत रक्तात थोडी थोडी साखर सोडत असतं. मधुमेहात ते गरजेपेक्षा जास्त सोडतं. म्हणून रात्री साडेआठला जेवून सकाळी उपाशीपोटी १६८ येते आणि माणूस म्हणतो, "मी तर काही खाल्लंच नाही!" ही गोळी मुख्यतः तो नळ आवळते. एकटी घेतली तर शुगर धोक्याइतकी खाली सहसा नेत नाही. किडनी खराब करत नाही. उलट किडनीचं काम आधीच फार कमी असेल तर ही देत नाहीत, म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिन बघतात. लोक याची उलटापालट करतात. १९५७ सालापासून ही वापरात आहे, जुनी आणि पारखलेली.

"एकदा सुरू की कायमची" हेही तितकंसं खरं नाही. ब्रिटनमधला एक अभ्यास २०१७ च्या शेवटी प्रसिद्ध झाला. मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतली माणसं घेतली होती आणि वजन जोरात कमी करायला लावलं. वर्षानंतर त्यातल्या ४६ टक्क्यांची एचबीए१सी गोळ्यांशिवाय ६.५ च्या खाली होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के. म्हणजे गोळी सुटू शकते. पण ती सुटते वजन उतरल्यावर. चिठ्ठी पर्समध्ये ठेवून सुटत नाही.

माणदेशी | ९ सप्टेंबर, सकाळी ९.३१

ताई, मी आटपाडीकडचा. माझं बी असंच झालतं. डॉक्टर म्हणलं भात कमी करा, मी भातच सोडला आणि शाळूच्या चार-चार भाकरी हाणाय लागलो. म्हटलं शाळू हाय, काय हुतंय. महिन्यानं शुगर जागची हालली न्हाई.

मग माझी भाची परिचारिका हाय, तिनं मला एक युक्ती शिकवली. जेवायच्या आधी एकदा बघायचं आणि पहिल्या घासापासनं बरोबर दोन तासांनी एकदा. बास, जोडी. पहिल्या दिवशी तीन भाकरी न् पिठलं : आधी १३२, नंतर २२८. दोन दिवसांनी एकच भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, काकडी, ताक : आधी १३६, नंतर १७१. मग माझ्या डोक्यात लख्ख पडलं. शाळूत बी पिष्ट हायच, ती काय औषध न्हवं. डॉक्टर वर्षभर सांगत हुतं ते मला त्या दोन आकड्यांनी सांगितलं.

नुसतं मधीच कधी बी टोचून २११ आलं तर त्यातनं काय कळणार? कशानं आलं तेच ठाव न्हाई.

लॅबवाला_मिरज | ९ सप्टेंबर, दुपारी १.१५

माणदेशी दादांनी लाखातलं सांगितलं. मी मिरजेत लॅबमध्ये काम करतो, रोज वीस-पंचवीस लोक मशीन घेऊन भांडायला येतात, म्हणून यावर लिहायला मला मनापासून आवडेल.

ताई, १७४ आणि १९१ हे आमच्या दृष्टीनं एकच उत्तर आहे. घरगुती मशीनसाठी जे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे त्यात १०० च्या खाली १५ अंकांचा आणि १०० च्या वर १५ टक्क्यांचा फरक चालतो. म्हणजे खरी १८० असेल तर १५३ पासून २०७ पर्यंत काहीही दिसू शकतं आणि मशीन बिघडलेलं नसतं. दहा-पंधरा अंकांसाठी जीव टांगणीला लावू नका.

पण चुकीमुळे येणारे आकडे वेगळे, ते टाळता येतात. हात साबणानं धुऊन कोरडे करा. हे सगळ्यांत महत्त्वाचं. आता सीताफळं येतील. सीताफळ खाऊन नुसता रुमालाला हात पुसला आणि टोचलं तर बोटावरची साखर मोजली जाते. एका काकांचे ३४० आले होते, हात धुऊन पुन्हा घेतले तर १६०. स्पिरिट लावत असाल तर ते पूर्ण वाळू द्या. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, दुखत नाही. रक्त येत नसेल तर हात खाली सोडून हलवा, कोमट पाण्यात धरा, पण बोट पिळू नका. पिळलं की रक्तात पेशींमधलं पाणी मिसळतं.

आणि स्ट्रिपांची डबी. सांगलीच्या पावसाळ्यात हीच खरी गोम. स्ट्रिप काढली की झाकण लगेच घट्ट लावायचं. बाथरूममध्ये नाही, ओट्यावर कुकरशेजारी नाही, फ्रिजमध्ये तर मुळीच नाही. डबी उघडल्याची तारीख पेनानं डबीवरच लिहा. उघडल्यावर किती महिने चालते ते लेबलवर छापलेलं असतं.

मशीन पारखायचं असेल तर उपाशीपोटीच्या तपासणीला येताना ते बरोबर आणा. आम्ही शिरेतून रक्त घेतो त्याच वेळी बोटाचं घ्या आणि ताडून बघा. जेवणानंतर ताडू नका, कारण जेवणानंतर बोटातल्या रक्तात शिरेपेक्षा साखर खरोखरच जास्त असते.

एक शेवटचं. तुमचं हिमोग्लोबिन किती आहे? कमी असेल तर मशीन शुगर थोडी जास्त दाखवतं, आणि लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सीसुद्धा फसवं वाढलेलं दिसू शकतं. ४५-५० च्या बायकांत हे वारंवार दिसतं. अर्थात उपाशीपोटी १६८ आहे, त्यामुळं मधुमेह आहेच, त्यात शंका नको. पण डॉक्टरांच्या कानावर घाला.

बेदाणा | ९ सप्टेंबर, दुपारी ४.०२

जरा अवांतर विचारते. आमची तासगावकडे द्राक्षबाग आहे. घरात बेदाणा कायम उघड्या परातीत असतो, येता-जाता मूठ तोंडात. बेदाणा फळच ना? मग तो चालावा ना शुगरवाल्यांना? आणि गुळाचं काय? आमच्याकडे सगळे म्हणतात साखर बंद, गूळ चालू.

स्टेथो | ९ सप्टेंबर, सायंकाळी ६.४०

@बेदाणा, द्राक्षातलं पाणी उडालं की उरते ती साखर. बेदाण्याच्या वजनात जवळपास दोन-तृतीयांश साखरच असते. मूठभर बेदाणा खाणं म्हणजे द्राक्षांचा मोठा घोस दोन मिनिटांत संपवणं. ताजी दहा-बारा द्राक्षं जेवणापासून वेगळ्या वेळी खाल्लेली बरी. आणि गूळ उसाचाच. त्यात थोडं लोह आणि खनिजं असतात, पण रक्तात गेल्यावर तो साखरेसारखाच वागतो. आपल्या भागात गुऱ्हाळं आणि कारखाने दारात आहेत म्हणून आपल्याला गूळ-काकवी औषधासारखी वाटते. पारखायचं असेल तर माणदेशी दादांची जोडी वापरा.

रानवेल | ९ सप्टेंबर, रात्री ८.१७

मेटफॉर्मिन वगैरे घेण्याआधी एकदा जतच्या पलीकडे एक जण पावडर देतात ती घेऊन बघा. कारलं, जांभळाच्या बिया, मेथी, आणखी बारा वनस्पती. माझ्या दिरांची शुगर चार दिवसांत ३०० वरून १२० झाली. कोणताही दुष्परिणाम नाही, सगळं नैसर्गिक. पत्ता हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा.

औषधवाला | ९ सप्टेंबर, रात्री ९.०३

रानवेल ताई, तुम्ही चांगल्या मनानं लिहिलंय हे कळतं, म्हणून तुम्हालाच विनंती करतो. तुमच्या दिरांना ती पावडर घेताना मध्येच दरदरून घाम येतो का, हात थरथरतात का, एवढं विचारा.

माझं मेडिकल दुकान आहे. अशीच एक "नैसर्गिक" पावडर घेणारे एक गृहस्थ दुकानाच्या पायरीवर कोसळले. मशीनवर ४८. शुद्धीत होते म्हणून साखरपाणी पाजून सावरलं, मुलगा दवाखान्यात घेऊन गेला. कारल्यानं चार दिवसांत ३०० चे १२० होत नाहीत. एवढ्या वेगानं उतरते तेव्हा त्या पावडरीत शुगरची गोळीच कुटून घातलेली असण्याची दाट शक्यता असते, आणि ती किती घातली हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पाकिटावर घटक नाहीत, मात्रा नाही, तारीख नाही. कारलं भाजी म्हणून खा, मेथी खा, माझ्या घरीही खातात. पण डॉक्टरांची गोळी सोडून ही पावडर नको. आणि खरं नुकसान तर पुढं होतं. चार-सहा महिन्यांनी पावडरीचा असर सरतो आणि तोवर माणसानं तपासणी पूर्ण सोडलेली असते.

मेटफॉर्मिन ५०० ची साधी गोळी दोन रुपयांच्या आसपास मिळते. जनऔषधी केंद्रात त्याहून कमी.

रानवेल | ९ सप्टेंबर, रात्री ९.४०

घाम येतो. ते पित्तानं येतो म्हणतात. उद्या मशीन घेऊन जाते त्यांच्याकडे.

हरिपूरची_चिंच | १० सप्टेंबर, सकाळी ११.२५

गोळीचं सगळं चांगलंच आहे असं सांगितलं तर ताई तिसऱ्या दिवशी घाबरून सोडून देतील, म्हणून माझं सांगते. मला पहिले दहा दिवस पोटात ढवळणं, गॅस, जुलाब, तोंडाला पत्र्यासारखी चव. मी सोडायलाच निघाले होते. डॉक्टर म्हणाले, जेवणाआधी घेताय का? घेत होते! जेवणाच्या मध्ये किंवा लगेच नंतर घ्यायला लागले, आणि त्यांनी साधी बदलून सावकाश विरघळणारी दिली. आठवडाभरात पोट शांत.

त्या सावकाश विरघळणाऱ्या गोळीची एक गंमत. कधी कधी शौचातून अख्खी गोळी पडलेली दिसते. मी घाबरून फोन केला. ते नुसतं टरफल असतं, औषध शरीरात उतरलेलं असतं. ती गोळी चावायची किंवा तोडायची मात्र नाही.

आणि सात वर्षांनी माझ्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा बी-१२ कमी निघालं. ही गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांत असं होऊ शकतं. शाकाहारी असाल तर अधूनमधून बी-१२ तपासून घ्या.

चार_भिंती | १० सप्टेंबर, दुपारी ३.१०

साताऱ्याहून लिहितोय. ताईंना सध्या फक्त मेटफॉर्मिन आहे, त्यामुळं त्यांना हे लागू नाही, पण इथं ग्लिमेपिराइड (शुगर फार खाली नेऊ शकणारी दुसरी गोळी) घेणारे बरेच असतील.

मला मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड आहे. गेल्या वर्षी एका पहाटे गोळी घेतली, नुसता बिनसाखरेचा चहा प्यायलो आणि अजिंक्यताऱ्यावर निघालो. नाश्ता खाली आल्यावर, असा विचार. निम्म्या चढावर पाय लटपटले, गार घाम, आणि सोबतच्या मित्रावर विनाकारण ओरडलो. मशीन खिशात होतं म्हणून कळलं : ५८. खिशात कंदी पेढे होते, दोन खाल्ले. पंधरा मिनिटांनी ६३. पेढ्यात खवा, खव्यात स्निग्ध, साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. मित्राजवळ ग्लुकोजची पूड होती, ती पाण्यातून घेतल्यावर सावरलो.

डॉक्टरांनी नंतर समजावलं ते पाठ झालंय. ७० च्या खाली गेलं की तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं, तरी खाली असेल तर पुन्हा तेवढीच, आणि सावरलं की पोळी-भाकरी काहीतरी खायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना. आणि ही गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही.

कंदीपेढा | १० सप्टेंबर, दुपारी ३.३२

चार_भिंती काका, बदनामी झाली आमची! :)
ताई, माझं नाव वाचून तुमची शुगर वाढत असेल तर आजपासून 'मूठभर फुटाणे' घेतो.

भडंगप्रेमी | १० सप्टेंबर, दुपारी ४.०५

आणि मी काय घेऊ? चुरमुऱ्यानंसुद्धा शुगर झपाट्यानं वाढते म्हणे.

सुगरण_७१ | १० सप्टेंबर, सायंकाळी ५.५०

वाढते. पण वाटीभर मोड आलेले मूग, कांदा, टोमॅटो आणि वर चमचाभर भडंग. चव राहते. करून बघा.

स्टेथो, तुमचं ६.९ आणि ८.६ चं पटलं. मी माझा अनुभव सगळ्यांना लावत होते.

कृष्णाकाठची | ११ सप्टेंबर, रात्री ११.५५

सगळं दोनदा वाचलं. औषधवाला दादांचा प्रतिसाद वाचून मला झोप लागली नाही, म्हणून आज संध्याकाळी आईकडे जाऊन बाबांची फाईल काढली. ट्रंकेत, रेशमी पिशवीत ठेवली होती.

२००६ पासूनचे रिपोर्ट आहेत. गोळी सुरू झाल्यावर दीड वर्ष दर तीन महिन्यांनी कागद आहे, शुगर १३०-१४०. मग एप्रिल २००८ नंतर थेट जून २०१० चा कागद, अंगठ्याच्या जखमेचा, शुगर ३८६. मधली दोन वर्षं एकही कागद नाही. मी आईला विचारलं, या दोन वर्षांत बाबा कुठल्या डॉक्टरकडे जायचे? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "गेलेच नाहीत. कुणीतरी पुडी देत होतं. तिनं बरं वाटतं म्हणाले, म्हणून गोळ्या मीच केरात टाकल्या."

पंधरा वर्षं ती हे मनात ठेवून होती. मी तिला काही बोलले नाही. तिची चूक नाही, कुणी समजावून सांगणारं नव्हतं.

आज रात्री जेवताना पहिली गोळी घेतली. आईनंच पाण्याचा तांब्या दिला.

आयर्विनपूल | १२ सप्टेंबर, सकाळी ६.१५

ताई. 🙏

माणदेशी | १२ सप्टेंबर, सकाळी ८.४४

आईंना माझा नमस्कार सांगा. आमच्या गावात असली किती घरं दाखवू तुमास्नी.

रानवेल | १२ सप्टेंबर, दुपारी १२.२०

दिरांची सकाळी अकरा वाजता ६१ आली. पावडर बंद करून त्यांना डॉक्टरांकडे नेलंय. आता हा धागा वर राहू दे.

मिरजेचा_तंबोरा | १३ सप्टेंबर, रात्री १०.०८

उपवासाचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो. मी रोजे ठेवतो. रमजानच्या महिनाभर आधीच डॉक्टरांना भेटतो, ते गोळ्यांच्या वेळा बदलून देतात. बोट टोचल्यानं रोजा तुटत नाही, हे आमच्या मौलानांना विचारून घेतलंय. दुपारनंतर ७० च्या खाली गेलं तर रोजा सोडायचा, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, म्हणजे त्या वेळी वाद नको. इफ्तारला एक खजूर, सरबत नाही.

संकष्टी-एकादशीवाल्यांनी साबुदाण्याची खिचडी खाऊन दोन तासांनी एकदा बघाच. माझ्या शेजारच्या काकूंनी बघितलं आणि दुसऱ्या दिवशी मला विचारायला आल्या, की मशीन बिघडलंय का.

हरिपूरची_चिंच | १३ सप्टेंबर, रात्री १०.३०

खरंय. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, वर बटाटा. वरीचा भातही काही कमी नाही. मी आता उपासाला दाण्याची आमटी, दही-काकडी आणि राजगिऱ्याची एखादी भाकरी एवढंच घेते.

कृष्णाकाठची | १९ सप्टेंबर, रात्री ९.४८

आठ दिवस झाले. पोट थोडं बिघडलं होतं, चिंचताईंचं वाचलं होतं म्हणून घाबरले नाही. कालपासून सकाळचीही सुरू. हिमोग्लोबिन ९.८ निघालं, लोहाची गोळी मिळालीय. लॅबवाला दादा, तुमचे आभार कसे मानू!

आता मूळ प्रश्नाचा अर्धा भाग राहिलाय. तपासायचं कधी? स्ट्रिप वीस रुपयांना पडते, आणि खरं म्हणजे बोटांपेक्षा मनाला जास्त टोचतं.

स्टेथो | २० सप्टेंबर, सकाळी ७.२०

तुमच्यासारख्या फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाला रोज सहा वेळा टोचायची गरज नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांचं आणि गरोदर बायकांचं गणित वेगळं, त्यांना रोज अनेकदा बघावं लागतं. तुम्ही पहिला दीड-दोन महिना आठवड्यातून दोन-तीन दिवस निवडा. त्या दिवशी उपाशीपोटी एकदा, आणि एका जेवणाची जोडी. सोमवारी नाश्त्याची, गुरुवारी दुपारच्या जेवणाची, रविवारी रात्रीची. म्हणजे आठवड्याला आठ-नऊ स्ट्रिपांत सगळ्या जेवणांचा अंदाज येतो. एरवी घाम, थरथर, खूप थकवा किंवा ताप असेल तेव्हा जास्तीचं बघा.

बहुतेकांसाठी उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, एवढं धरतात. वहीत आकड्याशेजारी काय खाल्लं, झोप झाली का, चालणं झालं का हे लिहा. नुसत्या आकड्यांची वही आम्हालाही फारशी वाचता येत नाही. आणि ती वही डॉक्टरांना दाखवायला न्या. गोळीची मात्रा स्वतः कमी-जास्त करू नका.

डोळ्यांचा पडदा तपासून घेतला का? लघवीतलं प्रथिन? हे निदान झाल्याबरोबर एकदा आणि मग दरवर्षी. आणि पाय. बाबांचं तुम्ही लिहिलंत म्हणून आग्रहानं सांगतो. रोज रात्री तळपाय आरशात बघा, बोटांच्या बेचक्या बघा. अनवाणी चालू नका. दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर मोजे घाला. बधिर पायाला चटका कळत नाही, फोड आल्यावरच दिसतं.

औषधवाला | २० सप्टेंबर, दुपारी २.००

पुढं कधी डॉक्टरांनी दुसरी गोळी जोडलीच तर खर्चाची धास्ती नको, म्हणून एक सांगतो. व्हिल्डाग्लिप्टिन, डॅपाग्लिफ्लोझिन आणि सिटाग्लिप्टिन या तिन्हींचं पेटंट भारतात २०१९, २०२० आणि २०२२ मध्ये अनुक्रमे संपलं. तेव्हापासून अनेक कंपन्या त्या बनवतात आणि किमती बऱ्याच उतरल्यात. डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा, "यात स्वस्तातलं काय लिहून देता येईल?" वाईट वाटत नाही कुणाला.

कृष्णाकाठची | १४ डिसेंबर, सायंकाळी ७.३०

धागा शोधून पुन्हा वर काढतेय. काल एचबीए१सी आलं : ७.१. उपाशीपोटी ११८. वजन ७१ होतं, ते ६६.५. हिमोग्लोबिन ११.६. लोह भरून निघाल्यामुळंही त्यात थोडा फरक असेल असं डॉक्टर म्हणाले, पण घरच्या वहीतले आकडेही उतरलेत, म्हणून ते समाधानी आहेत. गोळी तशीच चालू. मार्च-एप्रिलमध्ये वजन आणखी उतरलं तर कमी करायचं बघू म्हणाले. डोळ्यांचा पडदा स्वच्छ आहे.

माझ्या वहीत मला सापडलेलं एक लिहिते. रात्रीच्या जेवणानंतर लगेच वीस मिनिटं हरिपूर रस्त्यानं चालले की दोन तासांची शुगर ३०-४० नं कमी येते. तेच जेवण, तोच भात. सहा वेळा करून बघितलं, सहाही वेळा. आता घरातले सगळेच निघतात.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी आईकडे गेले होते. तिनं स्वतःहून हात धुतले, पदराला पुसले, बोट पुढं केलं आणि म्हणाली, "माझंही बघ एकदा." उपाशीपोटी १२१ आली. पुढच्या आठवड्यात तिला लॅबमध्ये नेतेय.

लॅबवाला_मिरज | १४ डिसेंबर, रात्री ८.०२

वा ताई! आईंना सकाळी उपाशीपोटी घेऊन या, मशीनही आणा, ताडून देतो.

बेदाणा | १४ डिसेंबर, रात्री ८.२५

खूप आनंद झाला वाचून. परात आता कपाटात आहे आमची. एक विचारायचं होतं, वापरलेल्या सुया तुम्ही सगळे कुठं टाकता? आमच्या कचरा नेणाऱ्या मावशींच्या हाताला परवा टोचली, फार वाईट वाटलं.

लॅबवाला_मिरज | १४ डिसेंबर, रात्री ८.४१

मावशींना आधी डॉक्टरांकडे घेऊन जा, दुसऱ्याच्या रक्ताची सुई टोचली की हे उद्यावर टाकू नका. सुयांसाठी जाड प्लॅस्टिकची झाकणाची बाटली घ्या, फिनाइलची रिकामी चालते. त्यात सुया टाकत जा, वर ठळक अक्षरांत 'सुया' लिहा. तीन-चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीनं बंद करून जवळच्या लॅबमध्ये किंवा दवाखान्यात विचारा. आमच्याकडं सुयांसाठी पांढरा, न भोसकला जाणारा डबा असतो, आम्ही त्यात घेतो.

कृष्णाकाठची | १४ डिसेंबर, रात्री ८.५०

माझ्याकडं सप्टेंबरपासूनच्या एका डब्यात साठल्यात. आईला आणते त्या दिवशी त्याही आणते.